अ‍ॅलर्जी, पाठीचा कणा आणि आपले हात

अभ्यासपाठ : आरोग्य आणि सेवा
शास्त्रवाचन : मार्क ५:२५–३४, लूक १०:३०–३७, १ थेस्सलनीकाकरांस ५:२१
पाठाचा हेतू : अ‍ॅलर्जी म्हणजे काय हे समजून घेणे, कायरोप्रॅक्टिक उपचारांविषयीचे दावे पारखणे आणि आदिवासी मुलांसाठी आपली मदत कोठे लागावी हे ठरवणे.



पाड्यांवरच्या आणि वसतिगृहांतल्या मुलांच्या आजारांविषयी या पत्रकात आपण अनेकदा वाचतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. सर्दी हटत नाही, अंगावर गांधी उठतात, रात्री धाप लागते, अशा तक्रारी त्यांत नेहमी असतात. हे वाचून काही हितचिंतक प्रेमाने विचारतात, "शहरात कायरोप्रॅक्टिक नावाचा उपचार मिळतो. पाठीचे मणके हाताने बसवतात आणि त्याने अ‍ॅलर्जी जाते असे म्हणतात. औषध नाही, सुई नाही. वसतिगृहातल्या मुलांसाठी असे एक शिबिर ठेवले तर खर्च आम्ही उचलू."

या प्रश्नामागची माया खरी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. शिबिराला पैसे देणारा, ते भरवणारा आणि उपचार करणारा असे तिघेही मोठे लोक असतात. परिणाम मात्र आठ वर्षांच्या मुलाला भोगावा लागतो आणि त्याचे मत कोणी विचारत नाही. उत्तर आधीच सांगतो. मणके दाबून पाठ मोकळी वाटू शकते, पण त्याने अ‍ॅलर्जी बरी होत नाही. आणि "आता बरे झाले" या समजुतीने दम्याचे औषध सुटले तर मुलाचा जीव धोक्यात येतो. असे का, ते आता क्रमाने पाहू.

१. अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

देवाने आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी शक्ती ठेवली आहे. तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. शत्रू कोण आणि निरुपद्रवी कोण हे ती बहुतेक वेळा बरोबर ओळखते. काही जणांच्या शरीरात मात्र धूळ, परागकण, बुरशी, शेंगदाणा, अंडे किंवा एखादे औषध यांना ती शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. या चुकीच्या लढाईलाच अ‍ॅलर्जी म्हणतात. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली हा शब्द प्रथम वापरला.

ही लढाई दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात शरीर त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवते. ही प्रतिपिंडे त्वचा, नाक, श्वासनलिका आणि आतडी यांमधल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. बाहेरून काहीच दिसत नाही. दुसऱ्या टप्प्यात तोच पदार्थ पुन्हा शरीरात आला की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात. नाकात ते घडले तर शिंका आणि पाणी येते, त्वचेत घडले तर खाज सुटून गांधी उठतात, श्वासनलिकेत घडले तर नळ्या आवळतात आणि छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. सर्व शरीरात एकदम घडले तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. या शेवटच्या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावरील शोधासाठी फ्रान्सचे शार्ल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आयजीईचा शोध पुढे १९६६ साली इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने लावला.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ‍ॅलर्जीची ही सगळी घडामोड रक्तातल्या प्रतिपिंडांत आणि पेशींत होते. मणका सरकल्यामुळे ती सुरू होत नाही.

२. पाड्यावर ती कशी दिसते?

शहरात अ‍ॅलर्जी म्हटले की परागकण किंवा मांजराचे केस आठवतात. आपल्या कार्यक्षेत्रातले चित्र थोडे वेगळे आहे.

पावसाळ्यात भिंती ओल्या राहतात, गोधड्या वाळत नाहीत, बुरशी धरते. गादी-गोधडीत धुळीचे सूक्ष्म किडे वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण सर्दी आणि दमा यांचे ते मोठे कारण आहेत. भातझोडणी आणि मळणीच्या दिवसांत भुशाची धूळ उडते. चुलीचा धूर ही खरी तर अ‍ॅलर्जी नव्हे. पण आधीच नाजूक झालेल्या श्वासनलिकांना तो चेतवतो आणि झटका आणतो. डासांच्या कॉइलचा आणि विडीचा धूरही तेच करतो.

त्वचेची अ‍ॅलर्जी रानातही भेटते. बिबे गोळा करताना आणि फोडताना त्याचे तेल अंगाला लागून बिबा उततो, हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दुसरे कारण गाजर गवत. ते १९५५ च्या सुमारास पुणे भागात आढळले आणि पाहता पाहता देशभर पसरले. या गवताने चेहरा, मान, हात यांची कातडी जाड होते, भेगाळते आणि रात्रंदिवस खाजते. बिबा आणि गाजर गवत यांची अ‍ॅलर्जी आयजीईमुळे होत नाही. ती पेशींमार्फत होते आणि एक-दोन दिवस उशिरा उठते, म्हणून सर्दीच्या गोळीने तिला फारसा उतार पडत नाही. शाळा-वसतिगृहांत श्रमदानाला मुलांकडून गाजर गवत उपटून घेतात. ज्या मुलाला त्याचा त्रास आहे त्याला त्या दिवशी दुसरे काम द्यावे, आणि बाकीच्यांना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्यावेत.

मधमाशी आणि गांधीलमाशी यांचा डंख हाही महत्त्वाचा आहे. मध काढणाऱ्यांना डंखाची भीती नसते. पण डंखानंतर सर्वांगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, चक्कर येणे, उलट्या होणे, धाप लागणे यांतले काही दिसले तर वेळ दवडू नये. तो अ‍ॅनाफिलॅक्सिस असू शकतो.

३. अ‍ॅलर्जीसारखे दिसणारे दुसरे आजार

प्रत्येक खाज आणि प्रत्येक धाप म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. सेवकांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

खरूज : खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती पुरळ असते, आणि एकाच खोलीतल्या अनेक मुलांना एकदम होते. अ‍ॅलर्जी एकापासून दुसऱ्याला लागत नाही, खरूज लागते. त्यासाठी सर्वांनी एकाच वेळी मलम लावणे आणि कपडे-अंथरूण धुणे हाच उपाय.

जंत : जंतांच्या अळ्या फुप्फुसांतून जातात तेव्हा खोकला आणि छातीत आवाज येऊ शकतो, गांधीही उठू शकतात. म्हणून शाळेतल्या जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नये.

क्षयरोग : दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. ती तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

सिकलसेल : महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेल असलेल्या मुलाच्या छातीत दुखून ताप आणि धाप आली तर ती अ‍ॅलर्जी समजू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

म्हणून पहिली पायरी उपचाराची नसून निदानाची आहे. जो माणूस तपासणी न करता पहिल्याच भेटीत "ही अ‍ॅलर्जी आहे आणि मी ती घालवतो" असे म्हणतो, त्याच्यापासून सावध राहावे.

४. कायरोप्रॅक्टिक कोठून आले?

या पद्धतीचा जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हेनपोर्ट या गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर हे तेथे चुंबकीय शक्तीने उपचार करत असत. सप्टेंबर १८९५ मध्ये त्यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या, त्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या माणसाचा मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असे त्यांनी सांगितले. ऐकण्याची शीर पाठीच्या कण्यातून जातच नाही, हे तेव्हाही शरीरशास्त्राला माहीत होते. तरी पामर यांनी या एका घटनेवरून सिद्धांत मांडला. मणके किंचित सरकल्याने मज्जातंतूंवर दाब येतो आणि जवळजवळ सर्व आजार त्यातूनच होतात, असा तो सिद्धांत. शंभरातले पंच्याण्णव आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात असे त्यांनी लिहिले.

या पद्धतीला नाव दिले ते त्यांच्याकडे येणाऱ्या एका पाळकाने, रेव्ह. सॅम्युएल वीड यांनी. ग्रीक भाषेत 'खेइर' म्हणजे हात आणि 'प्राक्सिस' म्हणजे कृती. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ग्रीक नावातही हाच कृतीचा शब्द आहे. म्हणून कायरोप्रॅक्टिक म्हणजे हाताने केलेले काम. नाव सुंदर आहे आणि ते पाळकाने दिले आहे. पण एवढ्याने सिद्धांत खरा ठरत नाही.

त्याच सुमारास, १८९४ साली, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय उघडले. तेथेही हातांनीच सेवा होत होती. पण जे शिकायचे ते तपासून शिकायचे, चुकले तर बदलायचे आणि पुढच्या पिढीला शिकवायचे, हा मार्ग त्यांनी धरला. मिशनच्या आरोग्यसेवेचा आपला वारसा हा आहे.

आज अनेक कायरोप्रॅक्टर पामर यांचा मूळ सिद्धांत जसाच्या तसा मानत नाहीत. ते फक्त पाठ, मान आणि सांधे यांच्या दुखण्यावर काम करतात. कंबरदुखीत मणक्यांच्या हस्तोपचाराने काही जणांना थोडा आराम मिळतो, तो व्यायामासारख्या इतर मान्य उपायांइतकाच असतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वाद आहे तो अ‍ॅलर्जी आणि दमा यांविषयीच्या दाव्यांचा.

५. अ‍ॅलर्जीसाठी ते काय करतात आणि पारख केल्यावर काय दिसले?

दोन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार मणके बसवण्याचा. मान आणि पाठ यांचे मणके झटक्याने दाबले की मज्जातंतूंवरचा दाब जातो, रोगप्रतिकारशक्ती ताळ्यावर येते आणि श्वास मोकळा होतो, असे सांगितले जाते. याची चांगली पारख कॅनडात झाली आणि ती १९९८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. दम्याची ९१ मुले निवडली. त्यांची नेहमीची औषधे चालू ठेवली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला खरा उपचार दिला आणि दुसऱ्याला तसाच भासेल असा खोटा. चार महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांतल्या मुलांना आधीपेक्षा बरे वाटत होते. पण खऱ्या आणि खोट्या उपचारांत काहीच फरक निघाला नाही. दम्यावरच्या हस्तोपचारांचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही अशा उपचारांची शिफारस करण्याइतका पुरावा सापडला नाही.

दुसरा प्रकार स्नायू-चाचणीचा. डेट्रॉइटचे कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यांनी ती १९६४ साली सुरू केली. रुग्णाच्या एका हातात दूध, गहू, धूळ अशा पदार्थाची बंद बाटली देतात आणि दुसरा हात पुढे धरायला सांगतात. उपचार करणारा तो हात खाली दाबतो. हात सहज खाली गेला तर त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे असे ठरवतात. याच चाचणीवर उपचाराची एक पद्धत पुढे अमेरिकेत उभी राहिली. १९८३ साली ती सुरू करणाऱ्या देवी नंबुद्रिपाद या मूळच्या केरळच्या; कायरोप्रॅक्टिक आणि अ‍ॅक्युपंक्चर त्या दोन्ही शिकल्या होत्या. या पद्धतीत बाटली हातात धरून कण्याच्या दोन्ही बाजूंना दाब देतात, मग २५ तास तो पदार्थ टाळायला सांगतात. त्यानंतर अ‍ॅलर्जी गेली असे मानतात.

ही चाचणी पारखणे सोपे आहे. बाटलीत काय आहे हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही आणि दाबणाऱ्यालाही नाही. गांधीलमाशीच्या विषाची अ‍ॅलर्जी असलेल्या लोकांवर अशी चाचणी घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. चाचणीची उत्तरे नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तरांहून चांगली नव्हती. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेने मुलांच्या अन्न-अ‍ॅलर्जीवरील २०११ च्या मार्गदर्शनात ही चाचणी वापरू नये असे स्पष्ट लिहिले आहे.

६. मग लोकांना बरे का वाटते?

साक्ष देणारे लोक खोटे बोलतात असे नाही. बरे वाटण्याची खरी कारणे आहेत.

अ‍ॅलर्जी ऋतूप्रमाणे चढते आणि उतरते. त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हाच माणूस उपचार शोधतो, आणि त्यानंतर तो बहुधा आपोआप कमी होणारच असतो. दम्यात मान आणि छातीचे स्नायू श्वास ओढून ओढून दुखतात. ते चोळल्याने हलके वाटते, पण श्वासनलिकेतली सूज तशीच राहते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे कोणीतरी आपल्याला वेळ देतो, ऐकून घेतो, अंगावर हात ठेवतो. गर्दीच्या दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते. येथे अर्धा तास मिळतो. हे आपण शिकावे असे आहे. आपल्या सेवकांनी रुग्णाला वेळ दिला, तर माया आणि औषध दोन्ही त्याला एकाच ठिकाणी मिळतील.

७. धोका कोठे आहे?

पहिला धोका औषध सुटण्याचा. रोज घ्यायचे औषध बंद केले तरी पहिले काही दिवस मूल ठीक दिसते. मग एखाद्या थंडीच्या रात्री झटका येतो आणि पाड्यावरून रस्त्यापर्यंत झोळी करून न्यावे लागते. शेंगदाण्याची किंवा अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याला "आता खा" असे सांगणे तर सरळ जिवाशी खेळ आहे.

दुसरा धोका झटक्याचा. मानेला जोराचा झटका दिल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असे क्वचितच होते, पण जी गोष्ट दम्याला उपयोगी नाही तिच्यासाठी क्वचितचा धोकाही का घ्यावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शनात मणक्याचा क्षय असेल तेथे असा झटका मुळीच देऊ नये असे सांगितले आहे. आपल्या भागात क्षयरोग आहे, आणि शिबिरात रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी कोणाच्या मणक्यात तो आहे हे पाठ पाहून कळत नाही.

तिसरा धोका विश्वासाचा. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने चटके देण्याची डंबा नावाची जुनी प्रथा आहे. ती सोडावी म्हणून आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघर समजावत फिरतात. त्याच लोकांपुढे आपण शहरातून दुसरा न तपासलेला उपचार घेऊन गेलो, तर कोणत्या तोंडाने त्यांना पुरावा पाहायला सांगणार?

८. खरा उपाय काय?

दम्यासाठी दोन प्रकारची फवाऱ्याची औषधे असतात. साल्ब्युटामॉल झटक्यात आराम देते. ब्युडेसोनाइडसारखे औषध रोज घेतल्याने श्वासनलिकेतली सूज कमी राहते आणि झटकेच कमी येतात. दोन्ही औषधे भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. "पंपाची सवय लागते" हा समज चुकीचा आहे. फवाऱ्यातून औषध थेट फुप्फुसात जाते, त्यामुळे गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते.

लहान मुलांना फवारा नीट ओढता येत नाही. त्यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी लागते. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले की ५०० मिलिलिटरची साधी प्लास्टिकची बाटली, फवाऱ्याचे तोंड बसेल असे छिद्र पाडून नीट तयार केली, तर विकतच्या स्पेसरइतकेच काम देते. आपल्या प्रत्येक वसतिगृहात असे स्पेसर ठेवता येतील. ते कसे वापरायचे हे डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

सर्दी आणि गांधी यांसाठी सेटिरिझिनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. निवडक रुग्णांत शरीराला तो पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात देत देत सवय लावण्याचा उपचारही आहे. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागकणांवर त्याची सुरुवात केली. तो तज्ज्ञांकडेच घ्यायचा असतो आणि त्याला वर्षे लागतात.

घरात आणि वसतिगृहात करण्याजोगे : गोधड्या कडक उन्हात वाळवाव्यात आणि शक्य तेव्हा गरम पाण्यात धुवाव्यात. झोपायची खोली आणि चूल वेगळी ठेवावी. चुलीला धुराडे करावे. ओली भिंत आणि गळके छप्पर पावसाळ्याआधी दुरुस्त करावे.

झटका आल्यावर : मुलाला बसते करावे, फवारा द्यावा. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील तर लगेच १०८ ला फोन करावा आणि जवळच्या आरोग्य केंद्राकडे निघावे. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. म्हणून जेथे ते मिळेल तेथेच रुग्णाला न्यावे. चक्कर येत असेल तर त्याला आडवे ठेवावे, चालवू नये.

९. शास्त्र आपल्याला काय शिकवते?

मार्काने रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेल्या स्त्रीची गोष्ट सांगितली आहे. तिने अनेक वैद्य केले, जवळचे सगळे खर्च केले आणि दुखणे उलट वाढले. मार्क हे झाकून ठेवत नाही. पीडित माणसाला उपचाराच्या नावाखाली लुबाडले जाते, हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. येशूने तिच्याकडून काही घेतले नाही. याइराच्या घरी जाण्याची घाई असतानाही तो थांबला आणि तिने आपली सगळी हकिकत सांगेपर्यंत त्याने ऐकून घेतले.

शास्त्र औषधाच्या विरुद्धही नाही. यशयाने हिज्कीयाच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता. याकोब आजाऱ्यासाठी वडिलांना बोलावून प्रार्थना करायला शिकवतो, आणि आपण ती करतोच. हात ठेवून केलेली प्रार्थना आणि मणक्यावर दिलेला झटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रार्थना करणारा देवाकडे मागतो, उपचार म्हणून दावा करत नाही. जो उपचाराचा दावा करतो त्याने पुरावा द्यावा, कारण पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला सर्व काही पारखून मगच चांगले ते धरायला सांगतो.

चांगल्या शोमरोन्याकडे पाहा. तेल आणि द्राक्षारस ही त्या काळची माहितीतली साधने त्याने वापरली. जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले. दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि आणखी लागले तर परत आल्यावर देईन असे सांगितले. परत येण्याचे हे वचन आपल्या पाठाचे मर्म आहे. दमा हा एका दिवसाचा आजार नाही. एक दिवसाचे शिबिर भरवून, छायाचित्रे काढून आपण निघून आलो तर त्या मुलाला पुढच्या महिन्याचा फवारा कोण देणार? आपले पैसे असे लागावेत की दर महिन्याला कोणीतरी परत जाईल, मुलाचा श्वास तपासेल आणि औषध संपण्याआधी नवे देईल.

शिबिराचा खर्च उचलू इच्छिणाऱ्या हितचिंतकांना म्हणूनच नम्र विनंती आहे की तीच रक्कम एका वसतिगृहाच्या वर्षभराच्या फवाऱ्यांसाठी, गोधड्यांसाठी किंवा धुराड्यासाठी द्यावी. आणि वर्षातून एकदा स्वतः येऊन मुलांना भेटावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे? ते नियमित औषध घेतात का, की कोणाच्या सांगण्यावरून सोडले आहे?
२. एखाद्या उपचाराची साक्ष ऐकल्यावर तो पारखण्यासाठी आपण कोणते प्रश्न विचारावेत?
३. मार्क ५ मधल्या स्त्रीसारखे, उपचारांवर सगळे खर्च करून बसलेले कोणी आपल्या ओळखीत आहे का? मंडळी म्हणून त्यांच्यासाठी काय करता येईल?
४. आपली मदत एका दिवसाची आहे की परत येण्याची?

प्रार्थनेचे विषय

• थंडी आणि पावसाळ्याच्या रात्री धाप लागणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्याजवळ जागणाऱ्या वसतिगृह-सेवकांसाठी.
• आशाताई, परिचारिका आणि दुर्गम आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांसाठी, की त्यांना बळ मिळावे आणि औषधांचा साठा कमी पडू नये.
• आपल्या सर्वांना सत्य पारखण्याची बुद्धी आणि परत जाण्याचे प्रेम मिळावे म्हणून.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो. आमेन.